खांद्यातली वहाण

गुरुवारी रात्री घंटा मुक्या झाल्या
आणि फादरचा निरोप आला:
उजवा हात खिळखिळा झालाय, इनास,
उद्या उतरवताना लोकांदेखत गळायला नको.
पटाशी, हातोडी, उंडीच्या तेलाची बाटली घेऊन
मी मागच्या दारानं आत गेलो.

वेदीमागच्या बाकावर तो आडवा होता,
जांभळ्या कापडाखाली.
फणसाचं लाकूड, फासळ्यांत काळवंडलेलं,
गुडघ्यावरचा रंग मुके घेऊन घेऊन गेलेला.
मी उभादांड्याचा सुतार.
आधी लाकूड बघतो, मग देव.

खांदा उघडला. आत बिजागरीच्या जागी चामडं,
चाळीस वर्षांपूर्वी बाबांनी बसवलेलं.
उलटं करून कंदिलाशी धरलं
तर त्यावर अंगठ्याचा खळगा,
आणि टाचेची झीज, डावीकडे जास्त.
बाबा तसेच चालायचे, डावीकडे रेलून.

उंबऱ्याबाहेर काढून आपण आत येतो
ती वस्तू
देवाच्या खांद्यात.

सिस्टर शिकवायची, त्यानं आपली किंमत मोजली.
मी विचारलं होतं, कोणाला?
तिनं मला व्हरांड्यात उभं केलं.
कधीकधी वाटतं, अजून तिथंच उभा आहे.
होडीचा दर मला तोंडपाठ आहे,
फळीमागे किती, खिळ्यामागे किती, मजुरी वेगळी.
हा व्यवहार मला कधी जमला नाही.

चामडं कुजलं होतं. माझी चप्पल रबराची.
शेवटी कमरेचा पट्टा काढून कापला,
पँट सुतळीनं बांधली.
चार खिळे लागणार होते.
पहिल्या घावाला हात थांबला,
मग ठोकला, दुसरं कोण ठोकणार?
त्या दिवशीही कोणी असाच असेल,
उजेड जायच्या आत काम उरकणारा,
घरी कोणीतरी आजारी असलेला,
खिळा वाकू नये एवढीच काळजी असलेला.

शुक्रवारी तीनला वारा पडला होता.
कुंपणापलीकडून बोंडूंचा आंबूस वास,
घंटेच्या जागी लाकडाचं खटखटं.
शिडीवर मी आणि रुजार.
डावा खिळा निघाला, मग उजवा,
आणि तो हात सावकाश खाली आला,
माझ्या मानेवर पडला.
अख्खा भार.
काल बाकावर एवढा जड नव्हता.

खालून नातालमावशी ओरडली,
"हळू रे, लागात तेका!"
कोणी हसलं नाही.

तो आमचा भार वाहतो, प्रवचनात ऐकतो दरवर्षी.
असेल.
पण त्या घटकेला मान कलंडून
तो आमच्या हातांत होता,
स्वतःचा हातही स्वतः उचलू न शकणारा,
आणि गावातली एकूण एक माणसं
त्याला काही लागू नये म्हणून
श्वास धरून उभी होती.
ज्यांच्यात वर्षभर बांधावरून बोलणं नव्हतं, तीसुद्धा.

घरी आलो तेव्हा दिवेलागण.
बाबा खाटेवर. उजवं अंग गेलं त्याला दोन वर्षं झाली,
वाचाही तेव्हाच गेली.
पेज भरवली, कैरीची फोड कुस्करून.
विचारलं, खांद्यात वहाण का घातलीत?
डाव्या ओठानं हसले.
तेव्हा चामड्याला पैसे नसतील, एवढंच असेल.
किंवा नसेल.

मग कूस बदलायला त्यांना उचललं.
उजवा हात घसरला
आणि माझ्या मानेवर पडला, दुपारच्याच जागी.
हळू रे, म्हणालो,
कोणाला म्हणालो, ठाऊक नाही.
तसाच वाकून राहिलो थोडा वेळ.
कंबरेला सुतळी काचत होती.
म्हटलं, रविवारपर्यंत टिकेल.