टेलर

कंब्रियातल्या त्या गावची बँक
शुक्रवारी कायमची बंद होणार होती.
खिडकी दोनवर पितळी पाटी अजून तशीच : टेलर.
आपल्या लिपीत वाचली तर शिंपी वाटावा;
पण हेस्टर डार्ग शिवत काहीच नव्हती.
एकतीस वर्षं ती मोजत होती.

'टेल' म्हणजे सांग, हे शाळेत शिकलो आपण.
कुणी शिकवलं नाही की त्याच क्रियापदाने
इंग्रज कधीकाळी मेंढ्या मोजायचे, जपमाळेचे मणी मोजायचे.
समुद्रापलीकडे डच माणूस आजही मोजतो
ते याच शब्दाच्या सख्ख्या भावाने.
एकेक उचलायचं, क्रमाने पुढे ठेवायचं :
नाणं असेल, नाहीतर घडलेली गोष्ट.

आपलं बरं, मोजणं वेगळं, सांगणं वेगळं,
असं म्हणायला गेले आणि जीभ अडली.
पाढा दोनाचा असतो
आणि पाढा दुःखाचाही वाचतात.
संख्या जरा उकलून पाहिली
तर आत आख्यानातलाच 'ख्या'
अंग चोरून बसलेला.

साडेअकराला एडमंड रेल्फ आला.
अंड्यांच्या पेटीत लोकांनी टाकलेली चिल्लर
कापडी पिशवीत. ओली, थोडी शेणाची.
हा माणूस मोजकंच बोलायचा,
मोजकं म्हणजे खरोखर मोजता येईल इतकं.
'थंडी आहे.' 'हो.' 'बरं, येतो.'
वर्षानुवर्षं तेवढंच.

आज पिशवी ठेवून तो तिथेच उभा राहिला.
म्हणाला, 'तो चेक आठवतो?
दोन हजार एकचा?'
हेस्टरला आठवत होता.
त्या वसंतात डोंगरावर चिता पेटल्या होत्या,
खुरांचा रोग, आणि वाऱ्याबरोबर
काउंटरपर्यंत यायचा तो वास.

'पांढऱ्या कपड्यातला पोरगा फाटकाशी उभा होता,
हातात कागद. एक, दोन, तीन, असं सरकारी मोजत होता.
मी आपल्या पद्धतीने :
यान, ट्यान, टेदरा, मेदरा, पिंप.
वीस झाले की एक खडा
या खिशातून त्या खिशात.
त्याचे भरले चारशे बारा.
माझे वीस खडे, आणि वर तेरा.'

हेस्टर थांबली.
मागे रांगेत फक्त मिसेस फॅरन,
तिने पर्स उघडून उगाच काहीतरी शोधलं.

'पहाटे एक जन्मलं होतं, भिंतीच्या आडोशाला.
कोटात घालून आणलं मी. त्याला दिसलं नाही.
मारणाऱ्याला दिसलं.
कागदावर नव्हतं म्हणून पैसे नाहीत, ते जाऊ दे.
पण कागदावर नव्हतं
म्हणून मी बोललोच नाही कुणापाशी.
बायकोलासुद्धा नाही.'

मग त्याने टोपी घातली.
'मोजून घे,' पिशवीकडे बोट दाखवून म्हणाला,
'घाई नाही.'

एकवीस पौंड साठ पेन्स.
ती सावकाश मोजत गेली, ओठ हलवत.
पहिली पाचच नावं तिला आली,
सहाव्याला तो काचेपलीकडून हळूच म्हणाला : 'सेदरा.'

संध्याकाळी शटर खाली, दिवे अर्धे.
शेवटचा ताळेबंद.
एकतीस वर्षांत तिच्या गल्ल्यात
कधी एक पेनी कमी नव्हती, एक जास्त नव्हती.
हेस्टरने आपल्या कोटाच्या खिशातून
एक पेनी काढली, गल्ल्यात टाकली,
पुन्हा सगळं मोजलं.

जादा रक्कम : ०.०१.
कारण, या रकान्यात
ती बराच वेळ पेन धरून बसली,
मग नीट, वळणदार अक्षरात लिहिलं :
कोकरू.