सतराव्या मजल्याबाहेर

फोन मी फेकला होता. हे आधीच सांगते,
कारण तेव्हा सांगायला चार दिवस लागले.

प्रभादेवी. माझी खोली,
खिडकीत समुद्राचा एक उभा तुकडा.
आई दारात येऊन म्हणाली, "तुला कमी काय आहे?"
काय कमी आहे ते सांगता येईना
म्हणून हातात होतं ते भिरकावलं.

खिडकी उघडी होती.
बाहेर दोरावर, फळीच्या पाळण्यात, एक माणूस
रोलर तसाच धरून माझ्याकडे बघत होता.
त्याच्या कानाजवळूनच गेला असणार फोन.
तो काही बोलला नाही.
मी पडदा ओढला.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, फोन कुठाय?
सकाळी टेबलावर होता, म्हटलं, खिडकीजवळ.
सकाळी होताच तो तिथे.
पुढचं वाक्य सोसायटीने पूर्ण केलं.

पार्किंगमध्ये त्याची पिशवी उपडी केली:
डबा, तंबाखूची पुडी, कोरडा शर्ट,
कुणाच्या तरी औषधांची चिठ्ठी.
सेक्रेटरी देवस्थळींनी चिठ्ठीसुद्धा उलटून पाहिली,
जसा काही फोन तिच्यात घडी घालून ठेवलाय.
मी लिफ्टच्या दारात होते, क्लासची बॅग पाठीला.
वाटलं, आता माझ्याकडे बघेल.
नाही बघितलं.
मला त्याचाच राग आला.

राग मला लहानपणापासून येतो.
आमच्याकडे त्याला स्वभाव म्हणतात.
दार आपटलं की "तिला जरा वेळ द्या",
बशी फुटली की नवा सेट.
काचा अनसूयाबाई गोळा करायच्या,
ओल्या फडक्याने, बारीक कणसुद्धा.

चौथ्या दिवशी जेवताना सांगितलं.
बाबांचा घास थांबला, मग तोंडात गेला.
"नवा आलाय ना आता? विषय संपला."
देवस्थळी हसले, "वयच आहे, चालायचंच."
त्याचं वय कुणाला माहीत नव्हतं.
नावसुद्धा ठेकेदाराला विचारावं लागलं:
उत्तरेश्वर, केजकडचा. आता कांजूरच्या साइटवर.

माझं नाव ऋजुता. अर्थ बघून ठेवलंय आजोबांनी.

कांजूरला गेले, दोन बस बदलून.
नवव्या मजल्याशी तीन पाळणे, तीन पाठी,
तिन्ही सारख्याच रंगलेल्या.
त्याला मी कधी नीट पाहिलंच नव्हतं
हे तिथे उन्हात उभं राहून कळलं.
नावाने हाक मारली. तिघांनीही खाली पाहिलं.
पाठ केलेलं बोलायला लागले,
पण शेजारी मिक्सर घरघरत होता,
आणि वरून कुणीतरी ओरडलं,
"बाजूला सरा ताई, रंग सांडंल!"
तोच होता का, अजून माहीत नाही.

घरी अनसूयाबाई म्हणाल्या, द्या, बुटावरचे डाग काढते.
नको, मी काढते, म्हटलं.
घासले. पसरले. आणखी घासले, आणखी पसरले.
इतका राग आला की बूट उचलला,

आणि खिडकीशी जाऊन
आधी बाहेर वाकून पाहिलं.
कुणी नव्हतं.
बूट हातात तसाच.