तिसरा सिलिंडर

आधी उंदीर निघाले.
एअर क्लीनरमध्ये त्यांनी पिढ्यानपिढ्या संसार थाटलेला:
सीटचा कापूस, मक्याची सालं,
आणि बियाण्याच्या एका जुन्या पावतीचे तुकडे,
त्यावर आईची अर्धी सही शिल्लक. लिबी व्होंद्रा

मग गांधीलमाशांचं पोळं, सायलेन्सरमध्ये.
मग टाकीतलं पेट्रोल,
ज्याची काकवी झालेली, आणि वास
बंद पडलेल्या दवाखान्यासारखा.

चौतीसची फोर्ड. छप्पर चार बोटं कापून खाली बसवलेलं,
बॉनेट नाहीच, आठ सिलिंडरांचं इंजिन उघडं.
आईनं हे सगळं विसाव्या वर्षी केलं
तिच्या बापाच्या वेल्डिंग मशीनवर,
बापाला न विचारता.
चर्चसमोरून गेली तेव्हा म्हणे
पाद्री मधल्या वाक्यावर थांबला.

इंजिन जाम होतं.
ऑर्व्हल टेस्के म्हणाला, डिझेल आणि गिअर ऑइल, निम्मं निम्मं,
प्रत्येक भोकात ओत आणि विसरून जा.
ऑर्व्हल दर शनिवारी यायचा, मजुरी घ्यायचा नाही,
जाताना माझा एखादा पाना मात्र न्यायचा.
मी विसरलो नाही. रोज रात्री कोठारात जाऊन
बॅटरीच्या उजेडात आत बघायचो,
जणू दूध उतू जाणार आहे.
नवव्या दिवशी लांब दांडा लावून जोर केला
आणि ती हलली.
रेघभर.
मी खाली बसलो. सत्तावन्न वर्षांचा माणूस, तेलाच्या डागावर.

का ठेवून दिलीस? मी विचारत आलोय लहानपणापासून.
आई ताकास तूर लागू देत नसे.
मी मनातल्या मनात कारणं रचली:
एखादा अपघात, एखादा माणूस,
वडिलांनी घातलेली शपथ.
या वर्षी जूनमध्ये, शेंगा सोलता सोलता, ती म्हणाली:
"क्लच प्लेट गेली रे. पैसे नव्हते.
मग मक्याची कापणी आली.
मग पुढची."
आणि शेंगा सोलत राहिली.
एक्कावन्न कापण्या.

गाडी सुरू झाली तेव्हा आई अंगणात खुर्चीवर होती.
तिला आता समोरचं दिसत नाही,
नजरेच्या मधोमध राखाडी डाग, कडेकडेनं थोडं जग.
इंजिन खोकललं, थुंकलं, धूर ओकलं, मग धरून राहिलं.
कोंबड्या पळाल्या. ऑर्व्हलनं टोपी काढली.
मी आईकडे बघितलं. डोळ्यांत पाणीबिणी असेल म्हणून.
ती मान तिरकी करून ऐकत होती,
जशी माझ्या शाळेच्या सबबी ऐकायची.
"तिसरा रुसलाय," ती म्हणाली.
"उजवीकडचा, मागून दुसरा. वायर बघ."
ऑर्व्हल म्हणाला, सगळे ठीक आहेत, मी तपासलेत.
वायर उंदरांनी कुरतडलेली होती.

सीट पुढे ओढून बोल्टनं पक्की केलेली,
तिच्या आखूड पायांच्या मापानं.
माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात.
बोल्ट सैल करू का, ऑर्व्हलनं विचारलं.
मी तसाच अंग चोरून बसलो.

आई शेजारी. या बाजूनं ती कधीच बसली नव्हती.
दार कुठून उघडतं ते हातानं चाचपत म्हणाली,
"इकडून किती खडखडते! सांगायचंस तरी."
सहा वर्षांचा होतो मी तेव्हा, काय सांगणार.

नेब्रास्काची खडीची वाट, दोन्हीकडे मका डोक्याएवढा,
तिसऱ्यात दुसरा टाकताना मी गिअर किंचाळवला.
ती काही बोलली नाही. पाय मात्र दाबला,
तिच्या बाजूला जिथे क्लच नाही तिथे.

ओढ्यावरचा पूल आला, लाकडी.
खाली फळ्या वाजल्या, तिचे ओठ हलत होते, ती मोजत होती.
पुढे चौरस्ता. डावीकडे घर.
या गाडीला इंडिकेटर नाहीत, कधी नव्हते.
मी वेग कमी केला, माझा हात बाहेर काढणार,
तेवढ्यात तिनं तिच्या खिडकीतून
अख्खा हात लांब केला, उजवीकडे,
जिकडे अकरा मैल काही नाही.