रकाना क्रमांक सात

महापालिकेच्या क्रीडा विभागातून अर्ज आणला,
दहा रुपयांचा, नऊ पानी,
आणि घाटाच्या तिसऱ्या पायरीवर भरायला बसलो.
मंडळाचं कार्यालय म्हणजे तीच पायरी.

नाव: सरकारी घाट पोहणी मंडळ.
स्थापना: आवटी गुरुजींना विचारलं,
ते म्हणाले, मला पाण्यात ढकललं त्या साली.
मी एकोणीसशे एकसष्ट लिहिलं.

रकाना क्रमांक सात.
संस्थेची स्वतःची जागा आहे काय?
असल्यास क्षेत्रफळ, नसल्यास भाडेकरार.

आता काय लिहायचं?
मे महिन्यात जागा एवढीशी,
गुडघाभर पाण्यात म्हशीच आमच्या सभासद.
ऑगस्टात तीच जागा गावभागात शिरते,
शकूर नदाफांच्या गादीच्या दुकानात कापूस भिजवते,
एकदा तर माझ्या जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत आली होती,
भाडेकरार न करता.
मी लिहिलं: क्षेत्रफळ आयर्विन पुलावरच्या फुटांवर अवलंबून.
मग खोडलं.
उपायुक्त नवे आहेत, लातूरकडचे.
पाणी किती फूट, हा प्रश्न त्यांना अजून
कोणी झोपेतून उठवून विचारलेला नाही.

साहित्य: वाळके भोपळे चौदा. सुंभाची दोरी.
तेलाचे रिकामे डबे सहा, पैकी एक गळका.
शिट्टी एक, मगरीसाठी.
वाचून मलाच हसू आलं, म्हणून खाली खुलासा केला:
शिट्टी मगर दिसल्यावर आम्ही वाजवतो.

फेब्रुवारीत साडेसात हजार मंजूर झाले.
खर्च आधी, बिलं नंतर, पैसे त्याच्याही नंतर,
आणि सगळं एकतीस मार्चच्या आत.
सायकल काढून हरिपूरला गेलो, अंजिरा माळीणीकडे.
म्हटलं, भोपळे दे, आणि पावती दे, जीएसटी नंबराची.
ती म्हणाली, वेल मी लावलाच न्हाई,
कुपाटीवर आपसूक आलाय,
त्येची कसली पावती?
मग काय वाटलं कोणास ठाऊक, खिळा घेतला
आणि एका भोपळ्यावर किंमत कोरली: ६०.
जा, ह्योच लाव फायलीला.

लावला असता.
पण लेखा विभागात, टेबल चारवर, ऐवळे मॅडमनी
पानं उलटली, पुन्हा सुलटी केली.
उपक्रमाचं फलित कुठाय? फोटो हवेत. आधीचा, नंतरचा.
आधीचा म्हणजे काठावर दात वाजवणारं पोरगं,
नंतरचा म्हणजे तेच पलीकडच्या काठावर, नाक पुसताना.
तेवढे आहेत, म्हटलं.
पण मॅडम, मोठ्या पुरात शकूरभाईंची नात
रात्री जिन्यावरून पाण्यात पडली. आठ वर्षांची.
पाठीवर पोहत गेली आणि समोरच्या गॅलरीचा गज धरला.
अंधार होता. कॅमेरा कोणाकडे असणार?
पेपरातही काही आलं नाही,
कारण काही झालंच नव्हतं.
न झालेल्याचा फोटो
कुठल्या साइजमध्ये जोडू?

मॅडम थोडा वेळ गप्प राहिल्या.
मग म्हणाल्या, पोस्टकार्ड साइज.
तसं छापलंच होतं, पान आठवर.

एप्रिलात फाईल परत आली.
त्रुटी अकरा, दहा पेन्सिलीनं,
एक लाल शाईनं: रकाना सात कोरा.
निधी तोवर वर्षाबरोबर बुडाला होता.

पोरं त्याआधीच आली होती.
सध्या भांडण आहे साठ नंबरच्या भोपळ्यावरून.
तो कमरेला असला की माणूस बुडत नाही, असं ठरलंय,
कोणी ठरवलं माहीत नाही.
काल वखारभागातला एक नवा मुलगा
दोरी आवळून घेताना विचारत होता,
काका, बाकीचे एकोणसाठ कुठायत?

म्हटलं, मंजुरीला गेलेत.
हनुवटी वर ठेव. पाय मार.