अँटिना धरणारा

शनिवारी साडेपाचला मगदुमांच्या सोप्यात
सोळा पोरं, एक सतरंजी, एक टीव्ही.
शटरचा. वर विणलेला रुमाल, रुमालावर पितळी मोर.
सतरावा मी. मी पत्र्यावर.

उद्यमनगरातलं वारं त्या अँटिनाला सोसत नसे,
धरून उभं राहायला कुणीतरी लागे.
माझे हात लांब होते
आणि वडील मगदुमांच्याच फाउंड्रीत साचे भरायचे.
हे दुसरं कुणी कधी बोललं नाही.
बोलावं लागत नव्हतं.

खाली म्हणे एक गृहस्थ खुर्चीत बसून
मांडीवरच्या पुस्तकातून गोष्ट वाचत.
गाणं नाही, चित्र नाही, नुसतं पान उलटणं.
मला पत्र्याच्या फटीतून तेवढा आवाज यायचा,
"आणि मग, बाळांनो, शिडाची दोरी तुटली..."
की लगेच खालून यासीन मुजावर:
"मुंग्या आल्या रं! डावीकडं! अजून जरा!
बास, बास! आता मर तितंच!"

मी तिथंच.

गोष्ट एका गलबताची होती.
त्यावर एक हरकाम्या पोरगा,
त्याच्याकडं आजोबांचं होकायंत्र, बिघडलेलं,
उत्तर दाखवेना, दक्षिण दाखवेना,
सुई नुसती उभी थरथरायची.
ती कशाकडं बघते ते शेवटच्या भागात कळणार होतं.

समुद्र मी पाहिलेला नव्हता.
पश्चिमेला घरांच्या पलीकडं एक पत्र्यासारखी चकाकी दिसायची,
तो रंकाळा, असं मी धरून चाललो होतो.
(दिसायचा का खरंच? आता शपथेवर नाही सांगत.)
जोतिबाचा डोंगर म्हणजे बेट.
आणि शेजारच्या कारखान्यात भट्टी फोडली
की धुराड्याखालचं आभाळ लालभडक,
चाच्यांनी जहाज पेटवलं!
खाली सोळा जणांना ते जहाज दिसतच नव्हतं.
त्यांना चश्मा दिसत होता, आणि पुस्तक.

शेवटच्या शनिवारी
गृहस्थांनी पान उलटलं, घसा साफ केला,
"आणि मग, बाळांनो..."
आणि लाईट गेली.
"फिरव! फिरव की!" खाली ओरडा.
मी वरून बघत होतो, सगळी पेठ विझलेली,
तालमीचा दिवासुद्धा.
फिरवून काय होणार होतं?

मग मी फटीला तोंड लावलं.
घसा साफ केला.
"आणि मग, बाळांनो,"
खाली हसली सगळी. शकूनं "गप रं माकडा" म्हटलं.
मी थांबलो नाही.
सांगितलं, की ती सुई वर बघत होती,
पहिल्या दिवसापासून वर,
डोलकाठीच्या टोकावर एक पहारेकरी होता
आणि त्याला जेवायला हाक मारायचं
सगळं गलबत विसरून गेलं होतं.

खाली कुणी हसेना.
अंधारात कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या तेवढ्या.

परवा यासीनच्या लेकीच्या लग्नात
आम्ही सात जण एका पंगतीला आलो,
पोटं सुटलेली, केस गेलेले.
पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी होता होता गोष्ट निघाली.
"शेवट काय वाचला होता त्या माणसानं!" शकू म्हणाली.
"तो डोलकाठीवरचा!"
यासीन म्हणाला, "वाचताना डोळं भरलं हुतं त्येचं.
म्या बघितलंय."

घास घशात फिरला.
सांगावं वाटलं. मग वाटलं, कशाला?
चाळीस वर्षं ते वाक्य
त्या खुर्चीत, त्या चश्म्यामागं नीट बसलंय.
मी नुसतं विचारलं,
दिसायला कसे होते रे ते?

"म्हणजे?" शकू बघतच राहिली.
"तू नव्हतास व्हय तवा?"

होतो की, म्हटलं.
वर.