संकासुराला पाणी द्या

शनिवारी आम्हाला रिझवायला माणसं येतात.
मागच्या खेपेला चिपळूणहून बँकेतल्या बायका आल्या,
डोक्यावर कागदी टोप्या चढवल्या,
एलॅस्टिक हनुवटीत रुतेपर्यंत फोटो काढले.
त्याआधी कराओके. त्याआधी हास्ययोग:
हसा आजोबा, पोटातून हसा.
पोटातून हसलं की काय होतं
ते प्रणोतीला विचारा, चादरी ती बदलते.

मी गुहागर डेपोचा कंडक्टर, एकतीस वर्षं.
माणसं मोजायची खोड जात नाही.
गणपतीत बावीस होतो,
आता एकोणीस.

शिमग्यात पालखी घरोघर फिरते,
आणि हे घर आहे का,
यावर म्हणे देवळात दोन बैठका झाल्या.
कुणी म्हणालं, ट्रस्टची पाटी आहे, म्हणजे ऑफिस.
कुणी म्हणालं, चूल एक आणि गावं एकोणीस,
नारळ ठेवायचा कुणाच्या नावाने?
शेवटी ठरलं, पालखी नको, खेळे पाठवू.
हेही आम्हाला वॉचमनने सांगितलं.

तीन वाजता, रणरणत्या उन्हात आले.
चंद्राक्का पालशेतकर सकाळपासून दारात,
जुलेखाबी मुकादम तिच्या शेजारी खुर्ची ओढून:
आमच्याही अंगणात यायचे गो,
बाबा त्यांना खजूर द्यायचे.
गंगाराम धनावडे भिंतीकडे तोंड करून, नेहमीसारखे.

मृदंग वाजला, गोमू मुरडली,
काळा संकासूर दोर आपटत अंगणात शिरला,
कमरेच्या घंटा घणघणल्या,
एक फेरी, दीड फेरी,
आणि पायरीवर मटकन बसला.

मुखवटा काढला तर आत
अठरा वर्षांचं पोर, ओठ पांढरे.
सकाळपासून चाळीस घरं, गोमू म्हणाली
बाप्याच्या आवाजात.

पाणी द्या रे संकासुराला!
चंद्राक्काचा हा आवाज
बंदरावर लिलावात ऐकला असेल कुणी, इथे कधी नाही.
चहाला न उठणारी माणसं उठली.
कोकमाचं सरबत आलं, मीठ आलं,
जुलेखाबी पदराने वारा घालायला लागली,
रोज आमचा दंड आवळणारं बीपीचं मशीन
त्याच्या दंडाला लागलं,
आणि आम्ही सगळे आकडा बघायला वाकलो,
जरा अधाशासारखेच.

एवढ्यात मृदंग बोलला.
कुणी ठेवला होता तो खाली?
गंगारामांच्या मांडीवर होता.
सुनेला ओळखत नाहीत, घास तोंडात विसरतात,
चाळीस वर्षं नमनाला वाजवलंय म्हणे.
हात थरथरत होते ते थरथरतच राहिले,
फक्त तालात.

मग मीही टोपी उचलली, संकासुराची,
घामाने ओली, जड, एलॅस्टिक नसलेली,
आणि वॉकर पुढे सरकवत
अर्धी फेरी मारली.
गोमूने वाट दिली.
चंद्राक्का तिलाच ओरडत होती,
कमरेत हल मेल्या, खांब आहेस काय!
पोर पायरीवरून बघत होतं, ग्लास हातात,
पोटातून हसत.

निघताना म्होरक्या अडला.
गाऱ्हाणं घालायचं, पण घरधनी कोण?
मॅनेजर पुण्यात. नारळ हातात तसाच.
मी म्हटलं, लिहून घे, नावं सांगतो.
धनावडे, पालशेतकर, मुकादम,
बेड नंबराच्या क्रमाने, न अडखळता,
आणि खिडकीजवळच्या रिकाम्या तीन खाटांचीही,
ओळीतच.
प्रत्येक नावाला ते म्हणत गेले, व्हय म्हाराजा.
बावीस वेळा.

प्रणोतीने वहीत लिहिलं:
कार्यक्रम, खेळे. उपस्थिती, एकोणीस.
मी काही बोललो नाही.
पडवीत माझ्या आरामखुर्चीवर
संकासूर झोपला होता, तोंड उघडं टाकून,
आणि खेळे उन्हात थांबले होते
तो उठायची वाट बघत.
जुलेखाबीने त्यांना बोटाने दटावलं,
घंटा वाजवू नका.