हेरल्ड, मॉडेल अडुसष्ट

जशी आहे तशी, म्हटलं मी. चार वेळा म्हटलं.
हुक्केरीचा पोरगा खाली वाकून
चॅसीला स्क्रू-ड्रायव्हर टोचत होता.
गंज पिठासारखा सांडला आमच्या अनगोळच्या फरशीवर.

इंजिन?
हातानं फिरतं. सुरू होत नाही.
कार्ब्युरेटर कैतान मेस्त्रीकडं दिला होता, एकोणनव्वदला.
मेस्त्री गेले. कार्ब्युरेटरचं कोण बघतंय.
डाव्या दाराची काच माळ्यावर आहे, लुगड्यात गुंडाळून.
मागच्या सीटमध्ये उंदीर होते,
मग मांजर व्याली तिथं, तेव्हापासून नाहीत.

नंबर एमवायनं सुरू होतो.
राज्याचं नाव बदललं, गावाचं बदललं,
ही जागची हलली नाही
आणि तरी हिचेच कागद चुकीचे.

'एष्टु?' तो म्हणाला, मग लाजून, 'किती?'
मी आकडा कानडीतच सांगितला.
त्या भाषेत तो मला कमी टोचतो.

टेम्पोत चढवायला पाच जण लागले.
चाकं जाम, म्हणाले. शेजारचे मुल्ला घामाघूम.
पोरानं आत हात घातला, हसला.
गाडी गिअरमध्ये होती.

अप्पांचा हँडब्रेकवर भरवसा नव्हता.
सव्वीस वर्षं.

टेम्पो गेला तर तिसरं गेट पडलेलं.
मिरजेची गाडी यायची होती.
मी चप्पल न घालताच गेले,
काचेवर टकटक केली,
म्हटलं, ऐक की,
चोक अर्धाच ओढायचा.